मारणारा आजारी आहे, मान्य. मार खाणारीचं काय?

परवा ओळखीच्यांच्या एका ग्रुपवर असा वाद पेटला की दोन दिवस फोन हातात घ्यावासा वाटेना. निमित्त साधंच होतं. एका बाईंनी लिहिलं की नवऱ्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत जाण्याचा आजार, होऊन चार वर्षं झाली, आता तो अंगावर धावून येतो, आठवड्यातून दोनदा तरी हात उगारतो, काय करू. झालं. अर्ध्या लोकांनी त्यांना समजावायला घेतलं की अहो तो मारत नाही, त्याचा आजार मारतोय, मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या अर्ध्यांचा सल्ला असा की सरळ पोलिसात जा, नाहीतर कुठेतरी ठेवून मोकळ्या व्हा, स्वतःचा जीव आधी. मग दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले, हे म्हणतात तुम्ही निर्दय, ते म्हणतात तुम्ही बाईचा बळी देताय, आणि या सगळ्या धबडग्यात त्या बाईंना एकानेही विचारलं नाही की लागलंय कुठे, घरात दुसरं कोण आहे, आज रात्री झोपणार कुठे.

मला वाटतं दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. सगळा जोर दोष कोणाचा यावर. अरे पण दोष कोणाचाच नसला तरी मोडायचं ते हाड मोडतंच ना? मारणाऱ्याचं पुढे काय करायचं, औषध की समज की पोलीस, हे ठरवताना त्याचा हेतू बघायलाच लागतो, जरूर बघा. पण मार खाणाऱ्याला मदत द्यायची की नाही हे त्या हेतूवर ठरायचं काहीच कारण नाही. आणि दवाखाने, सोशल वर्कर, हेल्पलाइन, सगळी यंत्रणाच नेमकी इथे अडकते. हेतू नव्हता म्हटलं की गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणजे पीडित नाही, पीडित नाही म्हणजे फाईल नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबणारे हात बाहेरच्यांचे असतात.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. बाबांना स्ट्रोक झाल्यावर न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत मी पाच वर्षं चकरा मारल्या. एकदा शेजारच्या खुर्चीवर एक काकू होत्या, उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि यांच्या बाह्या मनगटापर्यंत. पिशवीतून फाईल काढताना एक बाही वर सरकली, आणि हातावर चार बोटांचे वळ दिसले, काही जांभळे, काही पिवळे पडलेले, म्हणजे एकाच दिवसाचे नव्हेत. त्यांनी पटकन बाही खाली ओढली. त्यांचा नंबर आला, दार अर्धवट उघडंच होतं. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, चिडचिड करतात का? "करतात थोडी." नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला, त्याच्या देखत बाई दुसरं काय सांगणार? गोळी बदलून मिळाली, पुढची तारीख मिळाली, आणि कागदावर गेलं की चिडचिड थोडी. डॉक्टर वाईट होते असं अजिबात नाही, चांगलेच होते. पण त्या खोलीत पेशंट एक, खुर्च्या दोन आणि वेळ सात मिनिटं. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस हा माहिती पुरवणारा, त्यालाही अंग असतं हे त्या व्यवस्थेत कुठे लिहिलेलंच नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ, कारण ते खरंही आहे. आजाराने मेंदूच बिघडलेला असतो. समोरची बाई आपली बायको आहे हेच त्याला ओळखू येत नाही, अनोळखी कोणीतरी आपले कपडे काढतंय असं वाटलं तर कोणीही हात झटकेलच. पार्किन्सन्समध्ये आणि लेवी बॉडी या डिमेन्शियाच्याच एका प्रकारात तर झोपेतला एक प्रकार असतो, स्वप्न पडताना शरीर जे शिथिल व्हायला हवं ते होतच नाही, माणूस स्वप्नातल्या चोराशी मारामारी करतो आणि ठोसे बसतात शेजारी झोपलेल्या बायकोला. सकाळी त्याला बऱ्याचदा आपण मारल्याचं आठवतही नाही. अशा माणसाला अत्याचारी म्हणणं क्रूरपणाच आहे, मी म्हणणार नाही.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? आजार मारतोय ना, मग आजार म्हटलं की उपचार आले, उपचार म्हटलं की तपास आला, आणि तपासाला आधी कोणीतरी खरं सांगायला लागतं! बाबांचंच सांगतो. एरवी शांत माणूस, एका आठवड्यात एकदम बदलला, आणि एका पहाटे हातातली काठी माझ्या भुवईवर घातली. तीन टाके पडले. कॅज्युअल्टीत मी सांगितलं बाथरूममध्ये घसरलो. टाके घालणाऱ्याने मान डोलावली, पुढचा प्रश्न आला नाही, आणि मी पुरुष, त्यामुळे तर घरात कोणी मारतं का असं कोणाच्या मनातही आलं नसणार. पुढे चारपाच दिवसांनी ताप चढला तेव्हा कळलं की त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं आणि म्हातारपणी त्याने माणूस असा भ्रमिष्ट होऊ शकतो. अँटिबायोटिक सुरू झालं, आठवड्यात बाबा पूर्ववत. मी त्या पहाटे खरं बोललो असतो, किंवा कोणी मला नीट विचारलं असतं, तर बाबांचेच चारपाच दिवसांचे हाल वाचले असते. माझे टाके ही त्यांच्या आजाराची पहिली खूण होती आणि ती मी लपवली, का तर बाबांची बदनामी नको. आपलेच दात आपलेच ओठ.

नॉर्वेत नर्सिंग होममधल्या ३५२ डिमेन्शियाच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. अर्ध्यांना ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनाशामक औषधं दिली, त्यातल्या बहुतेकांना तर साधं पॅरासिटामॉल. तर त्या गटात अस्वस्थपणा आणि आक्रमकपणा लक्षणीय कमी झाला. म्हणजे दुखत होतं हो माणसांना, सांगता येत नव्हतं. आता घरी जो मार खातोय त्याने तोंडच उघडलं नाही तर हे कळणार कसं? उलट होतं काय, मारहाण असह्य झाल्यावर कोणीतरी घाईघाईत गुंगीचं औषध सुरू करतं, आणि त्यातल्या कित्येक अँटिसायकॉटिक, म्हणजे मनोविकारांवरच्या, औषधांवर तर डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून छापायला लावलाय. तेव्हा "आजार आहे, सोडून द्या" म्हणणारे पेशंटची बाजू घेतायत असं त्यांना वाटतं, पण पेशंटचं नुकसानही तेच करतायत.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. की सांभाळणारेच कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? आजारी माणसावर ओरडणं, हिसकणं, कोंडून ठेवणं हे करणारे कोण, घरचेच ना? बरोबर. ब्रिटनमध्ये २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात डिमेन्शियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या २२० घरच्या माणसांना विचारलं होतं, तर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी कबूल केलं की आपण काहीतरी गैर वागलोय, बहुतेकांचं ओरडणं आणि शिव्या, प्रत्यक्ष मारहाण फार थोड्यांची. मी स्वतःला यातून वगळणार नाही, भुवईचे टाके ओले असताना बाबांशी मी काय आवाजात बोललो ते मला माहीत आहे. पण याच संशोधकांच्या पुढच्या कामातून असंही दिसलं की ज्यांना पेशंटकडून जास्त त्रास सहन करावा लागतो त्यांचंच वागणं जास्त बिघडलेलं असतं. मग सांगा, आजाऱ्याला जपायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता? यंत्रणा पेशंटच्या अंगावरचे वण शोधते, शोधायलाच हवेत, पण ते वण उमटायच्या कितीतरी आधी समोरच्या माणसाच्या अंगावर उमटलेले असतात आणि तिकडे कोणी बघत नाही.

इतिहास बघितला तर हे असंच होत आलंय. जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरने १९४६ साली सहा तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं, मेंदूवर रक्तस्राव आणि जोडीला हातापायांची हाडं मोडलेली. एक्स-रे समोर होता, पण आईबापच असं करत असतील हे म्हणायची सोय नव्हती. त्या प्रकाराला सरळ नाव मिळालं १९६२ साली, हेन्री केम्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मार खाल्लेलं मूल असा शब्दच रूढ केला. तब्बल सोळा वर्षं! १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये एरिन पिझी यांनी मारकुट्या नवऱ्यांपासून पळालेल्या बायकांसाठी घर उघडलं तोवर तो घरगुती मामला होता. १९७५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये म्हाताऱ्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्र छापून आलं तेव्हा अनेक डॉक्टरांना हा विषय नवीनच होता. मूल, बायको, म्हातारं माणूस, प्रत्येक वेळी डॉक्टरला जखम दिसत होती, नाव नव्हतं. गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की या लढायांमधून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात सांभाळणाऱ्याची खुर्ची कायमची संशयिताची होऊन बसली. त्या खुर्चीवर बसलेला माणूसही मार खात असेल ही शक्यताच फॉर्ममध्ये नाही.

नर्सेसचं उदाहरण तर अगदी जवळचं. पेशंटने थोबाडीत मारली, चावलं, तर वर्षानुवर्षं उत्तर एकच, हे कामात येतंच. मग इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने १९९९ मध्ये मोहीम काढली की हे चालणार नाही. २०१८ मध्ये तिथे ॲम्ब्युलन्सवाले, नर्स, पोलीस यांच्यावरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदाही झाला. छानच झालं. आता विचार करा, तोच पेशंट, तोच हात. वॉर्डात नर्सवर उठला की घटनेची नोंद, सुपरवायझर, दोन माणसं मिळून जायचं, अलार्मचं बटण. संध्याकाळी डिस्चार्ज देऊन त्याला घरी पाठवला आणि तोच हात ऐंशी वर्षांच्या बायकोवर उठला की प्रेम, सहनशीलता, कर्तव्य. ट्रेनिंग घेतलेल्या तिघांना जे धोकादायक वाटतं ते एकट्या म्हातारीला कसं झेपावं? आणि नर्सने नोंद केली म्हणून कोणी म्हणत नाही की ती पेशंटला गुन्हेगार ठरवते. मग घरची बाई बोलली की लगेच हा आरोप का?

बरं, सगळं आजारच असतो असंही नाही, आणि हे बोललं की लोकांना फार लागतं. काही घरांत मारहाण चाळीस वर्षं जुनी असते, स्ट्रोक मागच्या वर्षीचा. काठी नवीन, हात जुनाच. उठता येत नाही म्हणून मारता येत नाही तर मग गोळी तोंडातून थुंकायची, जेवण भिंतीवर, तू बाहेर गेलीस तर मी ऑक्सिजन काढून टाकीन. पाहुणे आले की तोच माणूस गोड. दिवसभरासाठी येणाऱ्या नर्सशी नीट वागायचं आणि ती गेली की बायकोला फैलावर घ्यायचं, हे ज्याला जमतं त्याच्या आजारावर सगळं ढकलणं मला जड जातं. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने अशी दहशत, माणसाला सतत मुठीत ठेवणं, मारहाण नसली तरी गुन्हा ठरवलं. पण निदानाचा कागद हातात आला की जुन्या मारकुट्याला रातोरात माफी मिळते, आणि सुटायची स्वप्नं बघणाऱ्या बाईच्या गळ्यात त्याचा डायपर येतो. तिला सांभाळायचंच नसेल तर? हा प्रश्न विचारणाराही राक्षस ठरतो.

अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांची एक भीती आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. त्यांचं म्हणणं, तुम्ही सांभाळणाऱ्यांच्या त्रासाच्या गोष्टी सांगता सांगता आम्हाला ओझं आणि धोका ठरवता, आणि असं ठरवून आमच्यासारख्यांना मोठमोठ्या भिंतींआड डांबल्याचा इतिहास आहे. आहेच. मतिमंद म्हणून, वेडे म्हणून लाखो माणसं आयुष्यभर बंद राहिली. म्हणूनच तर माझं म्हणणं आहे की वेळेवर बोला. कारण माणूस संस्थेत कधी जातो? सांभाळणारा पार कोसळल्यावर, मध्यरात्री, मिळेल तिथे, निवड करायला वेळ नसताना. ऑटिझम असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची आई, मुलगा आता तिच्यापेक्षा डोकाभर उंच, हातावर चावल्याच्या खुणा, ती गप्प का बसते? बोलले तर माझं मूल काढून नेतील. म्हणजे मदतीचा दरवाजा आणि शिक्षेचा दरवाजा एकच ठेवला की माणसं दोन्हीकडे फिरकत नाहीत. दरवाजे वेगळे करा, एवढंच. त्या आईला हवं असतं ते साधं असतं, मुलगा कशाने बिथरतो हे ओळखायला कोणीतरी सोबत बसावं, झटापट न करता मागे कसं सरायचं हे शिकवावं, आणि महिन्यातून काही तास दुसरं कोणीतरी त्याच्याजवळ असावं. हाइम ओमर या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने आईबापांसाठी अहिंसक प्रतिकाराची पद्धत मांडलीये, म्हणजे मुलाशी भांडायचंही नाही आणि शरणही जायचं नाही, वर नातेवाईक आणि मित्रांना सोबत घ्यायचं, झाकून ठेवायचं नाही. तिचा पायाच मुळी लपवणं बंद करण्यावर आहे.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एकट्याला विचारा. पेशंटचं बीपी घेताना सोबतच्याला बाहेर बोलवा, दोन मिनिटं. आणि प्रश्न "त्रास होतो का" असा नको, त्याला सगळेच नाही म्हणतात. सरळ विचारा, ते कधी अंगावर येतात का, मागच्या महिन्यात तुम्हाला लागलंय का, तुम्हाला घरात भीती वाटते का, रात्री आतून कडी लावता येईल अशी एक तरी खोली आहे का. अत्याचार हा शब्द काढायची गरजही नाही, तो शब्द ऐकून बहुतेकजण दार लावून घेतात, नवऱ्याला अत्याचारी म्हणवत नाही हो, पण लागलंय का म्हटलं की बाही वर होते. मग उत्तर लिहून ठेवा, आणि ते पेशंटच्या फाईलमध्ये एका ओळीत नको, सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने फाईल हवी. नाहीतर फॅमिली डॉक्टरला एक माहीत, न्यूरॉलॉजिस्टला दुसरं, टाके घालणाऱ्याला तिसरं, आणि तीन अर्धवट गोष्टी कधी एकत्रच येत नाहीत.

कायदा केला की झालं असंही नाही, इंग्लंडचंच बघा. तिथल्या २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये सांभाळणाऱ्याच्या गरजांचं वेगळं मूल्यमापन करायची तरतूद आहे, आणि त्यात पुढेही सांभाळणं जमणार आहे का याच्या जोडीला त्याची तशी इच्छा आहे का हेही बघायचंय. इच्छा! हा एक शब्द कायद्यात येणं केवढी मोठी गोष्ट. पण त्याच कायद्याचं ४२ वं कलम, अत्याचाराच्या शंकेवरून चौकशी करायचं, ते लागू होतं ज्याला स्वतःला काळजीची गरज आहे अशा माणसाला. मार खाणारी बायको धडधाकट असेल तर ती त्या कलमात सहसा बसत नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की सांभाळणाऱ्यालाही पेशंटकडून जाणता-अजाणता इजा होऊ शकते, पण सूचनेत उल्लेख असणं आणि हक्काने कोणी दारात येणं यात फरक आहे. आणि कौटुंबिक हिंसेची मदत घ्यायला गेलं तर तिथला पहिला सल्ला बऱ्याचदा घर सोडा. सोडून जायचं कुठे, आणि मागे त्याला गोळ्या कोण देणार? ज्याला एका तासापेक्षा जास्त एकटं ठेवता येत नाही त्याला टाकून ती आश्रयगृहात बसेल? उलट हवं, तिला सुरक्षित जागी जाता यावं आणि त्याच तासाला त्याच्यासाठी कोणीतरी घरी यावं. ही दोन खाती एकमेकांशी बोलतच नाहीत, खरा घोळ इथे आहे, पैशाचा नंतर. पैशाचं म्हणाल तर घरचा माणूस फुकट राबतो म्हणूनच सगळा डोलारा उभा आहे, तो मोडला तर पेशंट हॉस्पिटलात, आणि मागून ती बाई दुसऱ्या वॉर्डात. हिशोब कोणीही मांडावा.

आणि नाही म्हणायचा हक्क. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डात विचारतात, घरी कोण आहे? मुलगी आहे, बरं, टिक. तिला चालेल का, तिला भीती आहे का, तिने लहानपणी याच माणसाचा पट्टा खाल्लाय का, यातलं काही विचारलं जात नाही. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटू न देता पर्याय देणं हेही आरोग्यसेवेचंच काम आहे, कारण जबरदस्तीने घेतलेली काळजी पेशंटलाही कधी मानवत नाही.

त्या ग्रुपवरचा वाद अजून थंड झालेला नाही. परवा मी वर स्क्रोल करत गेलो तेव्हा दिसलं, पहिल्याच दिवशी, सगळ्या गदारोळात, त्या बाईंचा अजून एक मेसेज होता. बेडरूमची आतली कडी तुटलीये, कोणाच्या ओळखीत सुतार आहे का? त्याच्या खाली लगेच कोणीतरी सहनशीलतेवर भलामोठा परिच्छेद टाकला होता, आणि त्याच्याखाली त्याला दिलेलं तितकंच लांब उत्तर होतं. ते माझं होतं.